सोसायटी ग्रुप : ८०० किमीच्या प्रवासाआधी बाईकची तयारी

ए-१०४ : नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही दोघं बाईकवरून बदामी, हंपी, चित्रदुर्ग करून हुबळीमार्गे बेळगावला परत येणार. सगळं मिळून ८०० किमीच्या आसपास होईल. गाडी ३५० सीसी, तारांची चाकं, ट्यूबचे टायर. शनिवारी सर्व्हिसिंग करून रविवारी पहाटे निघायचं म्हणतोय. आणखी काय बघायला पाहिजे?

बी-३०२ : पहिल्यांदा तो शनिवार बदला की ओ. सर्व्हिसिंग निदान आठ दिवस आधी करा आणि मध्ये १५०-२०० किमी गाडी चालू दे. ऑइल काढायचा ड्रेनचा बोल्ट पाझरतोय, ॲक्सलचा नट ढिला राहिलाय, क्लच केबलला मोकळीकच ठेवली नाही, हे गॅरेजच्या दारात कळत नाही. पन्नास-शंभर किमीनंतर कळतं. ते इथं टिळकवाडीत कळलेलं बरं, रामदुर्गच्या पुढं नको.
ऑइल घालताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA/MA2, दुचाकीच्या ऑइलचा दर्जा) लिहिलंय का तेवढं स्वतः वाचा. या गाड्यांच्या क्लचप्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. चारचाकीचं ऑइल पडलं तर त्या घसरू शकतात.

सी-२०१ : चेनकडं नीट लक्ष द्या दादा. बऱ्याच गाड्यांना मधोमध २५ ते ३५ मिमी ढील लागते, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. चाक हळूहळू फिरवून चेन सगळ्यात ताठ कुठं होते ते शोधा आणि माप तिथंच घ्या. मग दोघं सामानासकट गाडीवर बसा आणि तिसऱ्याला चेन हलवून बघायला सांगा. वजनानं मागचं सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणते. रिकाम्या गाडीवर 'मस्त टाईट' केलेली चेन अशी तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.
स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या चक्रांचे, दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नवीन चेनला लवकर संपवतात.
चेन धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांमधल्या ओ-रिंगचं रबर खराब होतं. कापडानं कोरडी करून आतल्या बाजूनं चेनचं ल्यूब (वंगण) मारा, तेही रात्रीच, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. वाटेत साधारण ५०० किमीला पुन्हा एकदा.

डी-४०३ : ट्यूबचे टायर आहेत म्हणजे ती ट्यूबलेसची, रबरी पट्टी भोकात घुसवायची पंक्चर किट तुम्हाला उपयोगाची नाही, चाकच काढावं लागणार. पुढची एक, मागची एक अशा दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), ॲक्सलला बसणारा पाना आणि पंप. ट्यूब हत्यारांबरोबर टाकू नका, घासून डब्यातच भोक पडतं. टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घालून ठेवा.
त्या बाजूला बाभळीचे काटे फार. काटा टायरमध्येच मोडून राहतो आणि नवीन ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. म्हणून टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा असेल तिथं दोरा अडकतो. ट्यूब घालताना तिला आकार येण्यापुरतीच थोडी हवा भरा. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं चढवत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब टायरच्या काठाखाली चिमटत नाही.
सगळ्या तारा पान्यानं हलक्या वाजवून बघा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा हवा. एखादी भद्द वाजली तर ती ढिली आहे.

ए-१०४ : हे गॅरेजवाल्यानं कधी सांगितलं नाही. सामान कसं बांधायचं?

बी-३०२ : जड सामान खाली आणि दोघांच्या जवळ. हत्यारं, पाणी, ट्यूब दोन्ही बाजूच्या बॅगांत सारख्या वजनानं. मागच्या कॅरिअरवर फक्त कपडे. तिथं वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. सायलेन्सर आणि बॅगेत तळहात सहज जाईल एवढी जागा हवी. हुकाची रबरी दोरी टाळा, सुटली तर थेट चाकात. बकलचे पट्टे घ्या आणि मोकळी टोकं गुंडाळून टेप मारा.
आणि एक करा. निघायच्या आधीच्या रविवारी सगळं बांधून, वहिनींना घेऊन, जांबोटीपर्यंत जाऊन या. टायरमधली हवा गाडी थंड असताना, गाडीच्या स्टिकरवरच्या 'दोन माणसं' या आकड्याप्रमाणं भरा. परत आल्यावर पट्टे, चेन, सगळे नटबोल्ट बघा. वजनानं मागची बाजू दबून हेडलाईट वर जातो, तोही त्याच वजनावर खाली घ्या.

ए-३०१ : काका, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचंच. साखर कारखाने सुरू झालेले असतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागं ना दिवा ना रेडियम, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना उभी ट्रॉली दिसतच नाही. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली रूळासारखा फिरतो, त्यावर ब्रेक मारू नका.
पाऊस झाला तर शेतातून डांबरावर आलेली काळी माती साबणासारखी होते. कच्च्या रस्त्यात ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरून चाकच अडवते. तेव्हा रेस करून क्लच जाळू नका, उतरून काटकीनं माती काढा.

सी-१०२ : वहिनींसाठी सांगते. ओढणी घेऊच नका, चेन आणि चाक मागच्या माणसाच्या अगदी पायाशी असतात. बूट घोट्यापर्यंतचे. दर ८०-१०० किमीला उतरून दहा मिनिटं चालायचं. हेल्मेट आपल्याकडं मागच्यालाही सक्तीचं आहे, आणि नवीन असेल तर आठवडाभर आधीपासून वापरा, कपाळावर कुठं दाबतं ते कळेल.

ए-१०४ : कागदपत्रं?

सी-२०१ : आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकरमधली चालतात, पण तारखा आजच बघा. फ्यूज जादा घ्या. नवीन क्लच केबल पिशवीत ठेवू नका, जुन्या केबलला लागूनच झिप टायनं बांधून टाका. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची. जुनीची क्लचच्या लिव्हरपाशी एखादी तार सुटलेली दिसली तर आत्ताच बदला.

डी-४०३ : पायाचा पंप माझ्याकडं आहे, नवीन घेऊ नका. संध्याकाळी वॉचमनकडं ठेवतो. टायर लिव्हर पण घेऊन जा आणि घरीच एकदा मागचं चाक काढून बसवून बघा.