‘सिस्टीमने अपात्र दाखवलंय’ हे सरकारी आदेशाचं कारण होऊ शकतं का?

द्राक्षबागवाला, निफाड:
माझ्या मामीचं निराधार अनुदान गेल्या वर्षी बंद झालं. नोटीस नाही, पत्र नाही. बँकेत पैसे आले नाहीत तेव्हा कळलं. मी चार हेलपाटे घातले. दर वेळी खिडकीवर एकच उत्तर मिळालं, “सिस्टीमने अपात्र दाखवलंय, आमच्या हातात काही नाही.” पाचव्या खेपेला एका भल्या कर्मचाऱ्याने स्क्रीन वळवून दाखवली. दुसऱ्या गावातल्या, मामीच्याच नावाच्या एका बाईचा सातबारा मामीला जोडला गेला होता. मामीच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही.

सरकारने संगणक वापरू नये असं मी म्हणत नाही. पण कायद्याने ज्या अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार दिला, त्याने कागद उघडूनही पाहिला नसेल, तर त्याला आदेश म्हणायचं का? माझ्या मते नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
भाऊ, मामींचं वाईट वाटलं. पण मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत काढली, हाताने याद्या व्हायच्या ते दिवस पाहिलेत. मयत माणसाच्या नावावर पैसे निघायचे. एका घरात तीन लाभार्थी असायचे, आणि सुरगाण्याच्या पाड्यावरची खरी निराधार बाई यादीबाहेर, कारण तिच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही. संगणकाला पुढाऱ्याचा फोन जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. हजारो नावांची सुनावणी घ्यायला माणसं कुठून आणायची? आधी थांबवा, हरकत आली की दुरुस्त करा, हाच जमणारा मार्ग आहे.

वकील, नाशिक:
काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण ‘आमच्या हातात नाही’ हे वाक्य कायद्यात बसत नाही. मुंबईचे पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी हा १९५१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. अंधेरीत सिनेमागृह बांधायला आयुक्तांनी परवानगी दिली आणि नंतर सरकारच्या सांगण्यावरून ती रद्द केल्याचं कळवलं. न्यायालयाचं म्हणणं असं की अधिकार आयुक्तांचा होता, म्हणून विचारही त्यांनीच करायला हवा होता. वरून आलेला हुकूम पुढे ढकलणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे. त्या हुकमाच्या जागी आज सॉफ्टवेअरचा शेरा ठेवा. फरक काय पडला?

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. आदेश त्यातल्या शब्दांवरूनच तपासायचा, मागाहून दिलेल्या खुलाशांवरून नाही. सर्वोच्च न्यायालयानेच मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. मामींना तर कारण सांगणारा आदेशच मिळालेला नाही. शिवाय माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(घ) आहेच. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची, हे त्या कलमाने सरकारवर बंधन घातलंय.

निवृत्त अव्वल कारकून:
वकीलसाहेब, निकाल मान्य. पण तो एका सिनेमागृहाचा होता. इथे एका रात्रीत हजारो नोंदी जुळवल्या जातात. आणि नंतर दिलेली सुनावणीही काही वेळा न्यायालयांनी पुरेशी मानली आहे, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

वकील, नाशिक:
मानली आहे, जिथे घाई खरी होती तिथे. ७० वर्षांच्या विधवेचे पैसे याच महिन्यात थांबवण्याची कसली घाई? आणि नोंदी हजारो म्हणून चुकाही हजारो होतात. तेलंगणात संगणकावर ठरवून रेशनकार्डं रद्द झाली, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. म्हणजे आधी वाचवलेली मेहनत नंतर करावीच लागली, मधल्या काळात लोक मात्र धान्याविना राहिले.

सिडकोतला प्रोग्रॅमर:
मी अशा प्रणाल्या बनवतो. कोड उघड करा म्हणणाऱ्यांना सांगतो, कोड हाती आला तरी मामींना काही कळणार नाही. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: कोणत्या खात्याच्या नोंदी जोडल्या, नाव किती जुळलं की ‘तोच माणूस’ मानला, आणि चुकीचं जुळण्याचं प्रमाण कधी मोजलं का. कंत्राटदार व्यापारी गुपित म्हणून नकार देईल. पण माहिती अधिकारात व्यापक जनहित असेल तर तो नकार टिकत नाही.

ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ म्हणून जे झालं त्यात गणित अगदी सोपं होतं. माणसाचं वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटायचं आणि त्यावरून भत्ता जास्त घेतला असं ठरवून वसुली लावायची. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या छाटणीला येणारा मजूर डोळ्यासमोर आणा. दोन महिने हातात पैसा, मग काहीच नाही. त्याची सरासरी काढली की तो बारा महिने कमावता दिसतो! तिथल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, २०२३ च्या अहवालात ही योजना कठोर शब्दांत चुकीची ठरवली.

निवृत्त अव्वल कारकून:
छाटणीच्या मजुराचं उदाहरण पटलं. हे आम्ही हाताने करतानाही चुकायचो, पण तलाठ्याला तो माणूस तोंडओळखीचा असायचा. मग मधला मार्ग सुचवतो. संगणकाने फक्त संशयित नावं काढावीत. ती यादी कारणासह चावडीवर लावावी, १५ दिवस हरकती घ्याव्यात आणि मगच तहसीलदारांनी नावानिशी सही करावी. गावालाच ठाऊक असतं कोणाची जमीन कुठे आहे. सुनावणीला येतील ते मोजकेच, तेवढी माणसं कार्यालयात आहेत.

द्राक्षबागवाला, निफाड:
काका, आधी हरकत आणि मग सही, हे मला हवंच होतं. पण कारण चावडीवर नको. कोणाला कशाचे पैसे मिळतात, कोणाचं उत्पन्न किती, हे साऱ्या गावाने का वाचायचं? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालापासून खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. चावडीवर नुसता अर्ज क्रमांक लावा, कारणाचं पत्र घरी पाठवा. आणि ते मराठीत, मोठ्या अक्षरात असू द्या. मामीला चष्मा लावूनही बारीक छापलेलं वाचता येत नाही.