स्लॅबचा पोपडा पडला आणि आत तांबडी रेघ दिसतेय. रंगावर भागेल का?

पागोळी
आमचं घर 32 वर्षांचं, वर मोकळी गच्ची. आईच्या खोलीत छताला दोन वर्षांपासून ओल आहे. दोनदा पोपडे खरवडून पुट्टी भरली, रंग दिला. मागच्या आठवड्यात पहाटे ताटाएवढा गिलावा थेट पलंगाच्या पायथ्याशी कोसळला. आई नुकतीच उठली होती. पडल्या जागी बोटभर लांबीची तांबडी रेघ आहे, बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते. पाऊस थांबला तरी डाग तीन-चार दिवस वाढत राहतो. रंगारी म्हणतो, आतून वॉटरप्रूफ रंग लावू. मला ते पटत नाहीये. काम मोठं आहे हे ओळखायचं कसं?

उंबरठा
आमच्याकडे डाग होता, पण गळती नव्हती, खोलीतलीच वाफ छताला धरत होती. ओलीच्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूने असतील तर हवेतला दमटपणा, प्लास्टिकच्या आत असतील तर पाणी स्लॅबमधून येतंय.

ओळंबा
ताई, प्लास्टिकची युक्ती चांगली आहे, पण तुमच्याकडे ती वेळ गेली. आधी आईंचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा. आजच. बाकीचं नंतर वाचा.

मी 26 वर्षं बांधकामावर देखरेख केली. छताला ओल दिसली म्हणून मी कधी घाबरलो नाही, पण तांबडी भुकटी दिसली की काम थांबवून बघायचो. काँक्रीट चांगलं असतं तोवर त्यातल्या चुन्यासारख्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवा-पाणी आत शिरलं की ते कवच जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सळई आतून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. म्हणजे तुमचा गिलावा नुसता सुटला नाही, आतून लोटला गेला. त्यावर रंग म्हणजे दुखणं झाकणं. रंगाने पाणी आतच अडतं आणि सळई भिजत राहते.

आता हे बघा. लांब काठीच्या टोकाने छतावर हलकेच टकटक करा, पण थेट खाली उभं न राहता, कडेला राहून. चांगली जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द वाजते. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारा. तडे कसे आहेत तेही बघा. केसासारखे, जाळीसारखे असतील तर बहुतेक गिलाव्याचे. सरळ, ठरावीक अंतरावर, एकमेकांना समांतर असतील तर ते सळईच्या वाटेने गेलेले. आणि डागाच्या नेमकं वर गच्चीत भोक शोधत बसू नका. पाणी स्लॅबमधून वाट काढत हातभर लांबही उतरतं. पन्हाळीचं तोंड, पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) कोपरा, टाकीचा पाया, तिथे आधी बघा.

उंबरठा
गच्चीवर पाणी कोंडून ठेवून गळती शोधतात ना?

ओळंबा
नव्या स्लॅबवर जरूर. इथे नको. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो. गंजलेल्या स्लॅबवर ते वजन कशाला? त्याच कारणाने वर आणखी कोब्याचा जाड थरही घालू देऊ नका. आधीच एकावर एक तीन थर घातलेल्या गच्च्या मी पाहिल्यात.

पागोळी
दादा, आईला काल रात्रीच हलवलं. सकाळी काठीने वाजवून पाहिलं. डागाची जागा बद्द वाजणार हे माहीत होतं, पण बद्द आवाज थेट खिडकीपर्यंत जातो, जिथे रंग अजून कोरा पांढरा आहे. खडूची रेघ जवळजवळ अर्ध्या छताला वळसा घालून आली. दोन तडे सरळ, समांतर. गच्चीत पन्हाळीपाशी कोबा पोकळ वाजतो.

ओळंबा
मग रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. मधे झोळ दिसतोय का ते दोन भिंतींमध्ये दोरी ताणून बघा. झोळ असेल तर इंजिनिअर येईपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, वर गच्चीतही नाही. खडूची रेघ पुसू नका, तिचे फोटो काढून ठेवा. त्यांना ती लागेल.

पागोळी
दोरी ताणली. मधे बोटभर फरक आहे. खोलीला कुलूप लावलं, गच्चीचं दारही बंद केलं. इंजिनिअर उद्या सकाळी येतायत.