उचललं जाणं, तारण आणि सिमितेरातली जागा

वसईची लेक, म्हापसा

आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या गटात काल एक लांबलचक मराठी संदेश फिरला. सार असं: संतांचं उचललं जाणं, म्हणजे प्रभूने खऱ्या विश्वासणाऱ्यांना आकाशात घेऊन जाणं, दारात आलंय, मागोमाग सात वर्षांचं महासंकट. बाळपणी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा झालेले, सायबीण (मारियेची मूर्ती) घरी आणणारे, मेलेल्यांसाठी मिस्सा (कॅथलिक उपासना) सांगणारे सगळे मागे राहणार, कारण त्यांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेलंच नाही. शेवटची ओळ होती, 'गेलेल्यांचा विचार सोडा, जिवंतांना वाचवा.'

या ओळीवर मी गप्प बसणार नाही. माझी आई अतिदक्षता विभागात असताना एक ओळखीची विश्वासी (मोठेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतली) बाई भेटायला आली आणि आईच्या उशाशी उभी राहून म्हणाली, 'अजून वेळ आहे, खरा बाप्तिस्मा घ्या.' आईला ऐकू येत होतं. उत्तर देता येत नव्हतं.

आता मुद्दे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१६-१७ मध्ये आज्ञाध्वनी आहे, आद्यदूताची वाणी आहे, देवाची तुतारी आहे. एवढ्या गजरात येणारा प्रभू गुपचूप येऊन निवडक माणसं घेऊन जातो आणि सात वर्षांनी पुन्हा येतो, हे त्या ओळींत कुठे आहे? हा दोन टप्प्यांचा हिशेब १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश प्रवचनकाराने मांडला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांतून घरोघरी गेला. आधीची अठराशे वर्षं ख्रिस्ती माणूस काय मानत होता? तो गौरवाने पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील. एकदाच.

आणि तारखा! अमेरिकेतल्या विल्यम मिलर या प्रवचनकाराच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ प्रवचनकाराने २१ मे २०११ सांगितली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकाराची तारीख आपल्या गोव्यातल्या फोनांवरही फिरली. मत्तय २४:३६ मध्ये प्रभू स्वतः सांगतो की तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मग यांना कोणी सांगितला?

विश्वासी, वास्को

ताई, तुमच्या आईच्या उशाशी जे घडलं ते चुकीचंच होतं. पण एका बाईच्या अविचाराचं बिल सगळ्या विश्वासी लोकांवर फाडू नका. तारीख सांगणाऱ्यांना आमच्या मंडळीत व्यासपीठावर उभंही करत नाहीत. त्या सप्टेंबरात आमच्या पाळकांनी मत्तय २४:३६ हेच वचन घेऊन उपदेश केला होता.

पण 'डार्बीने काढलं' म्हणून विषय संपत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २० मध्ये, ख्रिस्ताच्या राज्याची 'हजार वर्षं' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. जस्टिन, इरेनियस हे दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक. दोघेही पृथ्वीवरचं हजार वर्षांचं राज्य मानत होते. त्या राज्याला 'मंडळीचा काळ' बनवून टाकलं ते पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनने, आणि तोही आधी हजार वर्षांचं मत धरून होता, असं तो स्वतः लिहितो. मग जुनं कोणाचं आणि नवं कोणाचं?

तारणाचं तर स्पष्ट आहे. इफिस २:८-९: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. महिन्याच्या बाळाने कोणता विश्वास ठेवला? मार्क १६:१६ मध्ये विश्वास आधी, बाप्तिस्मा नंतर. मिरजेला आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. आजोबा दर रविवारी उपासनेला जायचे आणि दर शनिवारी दारू प्यायचे. नवा जन्म झाल्यावर, म्हणजे मनापासून ख्रिस्ताकडे वळल्यावर, माझ्या वडिलांनी बाटली सोडली. मला आणखी पुरावा नको.

नगरकर, मडगाव

मी प्रॉटेस्टंट, अहमदनगरकडचा, पण आमच्याकडे बाळांना बाप्तिस्मा देतात. तेव्हा 'कॅथलिक विरुद्ध बायबल' असा सामना कृपया लावू नका. प्रेषितांची कृत्ये १६ मधल्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. त्या घरात लेकरं नव्हतीच, हे कशावरून?

विश्वासी भाऊंनी जस्टिनचं नाव घेतलंच आहे तर पूर्ण घ्यावं. ट्रायफो या ज्यू माणसाशी झालेल्या संवादात तो म्हणतो की शुद्ध श्रद्धेचे पुष्कळ ख्रिस्ती लोक हजार वर्षांच्या राज्याचं हे मत मानत नाहीत. म्हणजे दुसऱ्या शतकातही दोन्ही मतं होती आणि जस्टिनने कोणाला 'मागे राहणारा' ठरवलं नाही. इरेनियस तर म्हणतो की मंडळीला ख्रिस्तविरोधकाच्या छळातून जावं लागेल. छळाआधी उचललं जाण्याला तुम्हाला तिथून आधार मिळत नाही.

आणि जाता जाता, मडगाव-वास्को भागात हजारो मराठी माणसं आहेत. कोकणीत, इंग्रजीत उपासना होते. मराठीसाठी विचारलं की 'बघू' म्हणतात. युगान्ताची एवढी घाई असलेल्यांनी आधी आमच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत वचन ऐकवावं.

डिचोलीकर

मी हिंदू, धागा वाचत होतो. तुमच्यात कोण तरणार यावर भांडण आहे. आमच्या पूर्वजांना याच तारणाच्या नावाखाली देव उचलून नदीपलीकडे न्यावे लागले. १५६० ते १८१२ गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. आज कोणी दारात येऊन 'तुमचं तारण नाही' म्हणालं की आमच्या घरात ते आठवतं. एवढं लक्षात ठेवून बोला.

विश्वासी, वास्को

डिचोलीकर, त्या इन्क्विझिशनमध्ये कोणती मंडळी होती ते विचारा. आमची नव्हती.

आणि ताई, 'मागे राहणार' या शब्दांनी तुम्हाला दुखलं. मग आमच्या मेलेल्यांशी तुमची चर्चं कशी वागतात ते ऐका. माझे सासरे गोव्यातल्या साष्टी तालुक्यातले, जन्माने कॅथलिक, साठीनंतर विश्वासात आले. वारले तेव्हा सासूबाईंची एकच इच्छा: गावच्या सिमितेरात (चर्चच्या दफनभूमीत), त्यांच्या आईवडिलांच्या शेजारी माती मिळावी. सासूबाई स्वतः आजही मिस्साला जातात. पाद्रींनी नाही म्हटलं. प्रेत शवागारात पडून, आणि आम्ही नगरपालिकेच्या, पंचायतीच्या पायऱ्या झिजवत होतो. शेवटी लांबच्या तालुक्यात जागा मिळाली. सासूबाईंना आता दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती लावायला दोन बस बदलाव्या लागतात. प्रेमाचं कोणतं वचन लागू केलं होतं तेव्हा?

साष्टीकार

एक बाजू ऐकून निकाल देऊ नका. ज्या माणसाने वीस वर्षं चर्चला 'मूर्तिपूजकांचा अड्डा' म्हटलं, फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी नाकारली, त्याच्यासाठी त्याच चर्चची जमीन का? आमच्या सिमितेरात जागा इतकी कमी आहे की काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढून दुसऱ्याला जागा द्यावी लागते. शेजाऱ्याने माझ्या आईच्या हातातली जपमाळ बघून 'सैतानाची साखळी' म्हटलंय. आणि मेल्यावर आम्ही शेजार द्यायचा?

विश्वासी, वास्को

माझ्या सासऱ्यांनी असं कधीही कोणाला म्हटलेलं नाही. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता. तोंड सांभाळा.

वसईची लेक, म्हापसा

साष्टीकारबाब, मी तुमच्या चर्चची, पण तुमच्या बाजूची नाही. मेलेल्या माणसाकडून वर्गणीचा हिशेब मागायचा नसतो.

विश्वासीभाऊ, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण एक विचारते. त्या दोन नोव्हेंबरला मेणबत्ती लावतात, प्रार्थना करतात, आणि तुम्ही त्यांना घेऊन जाता. म्हणजे गेलेल्यांचा विचार तुमच्याही घरात सुटलेला नाही. मग मला तो सोडायला सांगणारा संदेश तुमच्या मंडळीत कोणी खोडून का काढत नाही?

कर्मांचं म्हणाल तर इफिस २:१० पर्यंत वाचा, सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलंय. याकोब २:२४ तर सरळ सांगतो, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही. तुमच्या वडिलांनी बाटली सोडली, तीच तुमची खूण. मग ते कृत्यच झालं ना?

नगरकर, मडगाव

विश्वास की कर्मं यावर ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्ये दार लावलं होतं, खरं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन लोकांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, कृपेनेच. २००६ मध्ये मेथडिस्ट, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड या इतर प्रॉटेस्टंट मंडळ्याही त्यात आल्या. तुम्ही दोघं इथे अजून १५४७ मध्येच भांडताय.

सिमितेराचं बोलायचं तर कॅथलिक कायद्याचा कलम ११८३ वाचा. बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या माणसाचा अंत्यविधीही बिशपांच्या विवेकाने होऊ शकतो. अटी दोन: त्याची इच्छा उघडपणे विरुद्ध नसावी आणि त्याचा स्वतःचा पाळक उपलब्ध नसावा. ११८४ मध्ये जाहीरपणे श्रद्धा सोडलेल्यांना नकार आहे, पण शंका असेल तर बिशपांना विचारायचं, हेही तिथेच आहे. तेव्हा कोणी विचारलं होतं का?

विश्वासी, वास्को

आम्हाला कोणी सांगितलंच नाही की विचारता येतं. अंत्यविधी आम्ही मागतही नव्हतो, आमचे पाळक होते. नुसती माती मागत होतो.

याकोबाचं मान्य, फळाशिवायचा विश्वास मेलेला. पण फळ मुळाआधी येत नाही. आणि तो संदेश मी आमच्या मंडळीच्या वडीलमंडळींपुढे (कारभाऱ्यांपुढे) ठेवतो. शेवटची ओळ मलाही पटलेली नाही. बाकीच्या ओळी पटतात.

वसईची लेक, म्हापसा

एक ओळ तर एक ओळ. सासूबाई जिवंत आहेत तोवर निदान त्यांच्या वेळचा प्रश्न आधीच सुटू दे. त्या मिस्साला जातात म्हणजे त्यांना गावच्या सिमितेरात जागा आहे. पण मग दोघं दोन तालुक्यांत. हाडं हलवता येतील का, हे मी रविवारी आमच्या फादरना विचारते. नाव-गाव न सांगता.

विश्वासी, वास्को

विचारा. आणि हजार वर्षांवर इरेनियसला तुमचं उत्तर अजून आलेलं नाही.