कोरीवकामासाठी पहिला चेनसॉ: ५८ सीसी की ३० सीसी? आणि बार कोणता?

ओंडका१४:
आंब्याच्या ओल्या ओंडक्यातून अडीच फुटी घुबड कोरायचं आहे. ओंडक्याचा व्यास १४ इंच. बाजारात ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) मशीन स्वस्तात मिळतंय. नावाजलेल्या कंपनीचं ३० सीसीचं महाग आहे आणि बार जेमतेम १४ इंची. ताकद जास्त असलेली बरी ना? कोरीवकामाचा बारीक टोकाचा ‘कार्व्हिंग बार’ कुठल्याही मशीनला बसतो का?

कानस:
५८ सीसी नको. ते झाड पाडायला. कोरताना मशीन कधी आडवं, कधी छातीच्या उंचीवर धरावं लागतं. जड मशीननं मनगट थकलं की रेघ हलते. शिवाय त्यावर बहुधा ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप, खाली सांगतो) चेन असते आणि त्या मशीनसाठी पाव इंच पिचचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, मिळणं मुश्कील. श्टील कंपनीचं एमएस १८० (३१.८ सीसी, वजन साधारण ४ किलो) किंवा त्याच वर्गातलं दुसरं घ्या. १४ इंची ओंडक्याला १४ इंची बार पुरतो, गरज पडली तर दोन्ही बाजूंनी कापायचं.

कार्व्हिंग बार नुसता बदलून चालत नाही. बार, चेन आणि स्प्रॉकेट तिन्ही एका पिचचे हवेत. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन: पाव इंची चेनला ते अंतर १२.७ मिमी भरतं, ३/८ला साधारण १९. गेज, म्हणजे बारच्या खाचेची रुंदी, हीसुद्धा जुळली पाहिजे. १.३ मिमीच्या खाचेत १.१ मिमीची चेन घातली तर ती डुलते आणि काप वाकडा जातो. हे आकडे बारच्या मागच्या टोकाला कोरलेले असतात. दुकानात जाताना त्यांचा फोटो काढून न्या.

खाचखळगे:
कार्व्हिंग बारच्या टोकाबद्दल थोडं. डाइम हे अमेरिकी नाणं, व्यास १८ मिमी. क्वार्टर २४ मिमी. बारच्या टोकांची ‘डाइम टिप’ आणि ‘क्वार्टर टिप’ ही नावं त्या नाण्यांवरून आली. साध्या बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की मशीन उसळून अंगावर येतं, तोच किकबॅक. डाइमच्या चिमुकल्या टोकाला ही उसळी बरीच कमी बसते, म्हणून घुबडाच्या डोळ्याची खोबण टोकानं फिरवत काढता येते. कमी म्हणजे शून्य नव्हे. डावा अंगठा दांडीखालून वळवलेला, चेहरा बारच्या रेषेबाहेर, हेल्मेट, जाळी आणि चॅप्स (पायांवरचं संरक्षक आवरण) हवेतच.

या टोकाला फिरती चकती नसते, चेन कडक धातूवर घासत जाते. तेल कमी पडलं की टोक निळं पडतं आणि चेन सैल होते. काम सुरू करण्याआधी टोक कोरड्या पुठ्ठ्याच्या वर, न टेकवता धरून रेस द्या. काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली नाही तर तेलाचं छिद्र साफ करा. जुनं इंजिन ऑइल घालू नका, त्यातला धातूचा बारीक चुरा बार आणि पंप दोन्ही खातो.

कानस:
एक मतभेद नोंदवतो. बरेच जण पहिल्याच दिवशी डाइम बार घ्यायला सांगतात. माझ्या मते आधी मूळच्या ३/८ बारवर ओबड आकार काढायला शिका: डोकं, खांदे, पंखांचे मोठे काप. मोठा कचरा डाइम बारनं काढायला गेलात तर नव्या चेनची धार तिथंच जाते. नंतर १२ इंची बार, ८ दाती स्प्रॉकेट आणि पाव इंची चेन असा संच घ्या. एका फेऱ्यात ६ दाती स्प्रॉकेटवर ३/८ चेन ४.५ इंच सरकते, ८ दातीवर पाव इंची चेन ४ इंच. वेग किंचित कमी, पण छोटे दात बारीक काम नीट करतात.

ओंडका१४:
धार कशी लावायची? पेट्रोलमध्ये तेल किती?

खाचखळगे:
नेहमीच्या पाव इंची चेनला ४ मिमीची गोल कानस, कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. एकाच बाजूचे दात जास्त घासले तर काप वाकडा जातो. भुश्याऐवजी पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली समजा. पेट्रोल ५०:१, म्हणजे १ लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे महिनाभर ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

ओंडका रस्त्याकडेच्या झाडाचा असेल तर आधी साल काढून खिळे शोधा. एक खिळा अख्खी चेन घालवतो.