'सोवळे' असताना 'वस्त्रसंहिता' कशाला?

देवळांच्या दारांवर हल्ली 'वस्त्रसंहिता' हा शब्द दिसू लागला आहे. २०२३ च्या मे महिन्यात तुळजापूरला अंगप्रदर्शक, अशोभनीय कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि ओरड झाल्यावर लगेच मागेही घेतले गेले. २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासानेही पोशाखाचा नियम जाहीर केला. नियम योग्य की अयोग्य हा वाद इथे नको, माझी शंका शब्दाची आहे. देवाधर्माच्या कपड्यांसाठी 'सोवळे' हा शब्द आपल्याकडे होताच. मग हा नवा कशाला घडवला? की अर्थच वेगळे आहेत?

प्रतिसाद १

अर्थ वेगळे आहेत, आणि फरक व्याकरणातच दिसतो. 'सोवळं' नपुंसकलिंगी नाम असेल तेव्हा ते वस्त्र असतं: रेशमी कद, मुकटा, पीतांबर, गरिबाघरी लोकरीची धाबळी. ते घालत नाहीत, नेसतात. पण 'मी सोवळ्यात आहे, शिवू नकोस' म्हणणारी आजी कापडाबद्दल बोलत नसते, ती एक अवस्था सांगत असते. ती अवस्था मोडते, आणि मोडते ती दुसऱ्याच्या स्पर्शाने. म्हणजे शब्दाच्या पोटातच 'शिवायचं कोणी नाही' हे आलं. 'वस्त्रसंहिता' हा 'ड्रेस कोड'चा सरळ तर्जुमा, आचारसंहितेच्या चालीवर पाडलेला. ती मोडली तर माणसाला बाहेर थांबवतील, पण कोणी बाटणार नाही.

'सोवळा' नसलेला प्रत्येक जण मात्र नुसता 'ओवळा' नव्हे, हेही बघा. पारोशा ब्राह्मणाचं पोरही ओवळंच, पण आंघोळ केली की सुटलं. जातीचा 'विटाळ' आंघोळीने जात नाही असं मानलं गेलं. रेशमी मुकटा नेसून आला म्हणून अस्पृश्य ठरवलेला माणूस सोवळा झाला नसता. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा, किंवा १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरच्या दारासाठी उपोषणाला बसले तेव्हा, कपड्यांचा प्रश्न नव्हताच. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी शब्दाची ही गाठ सहाएकशे वर्षांपूर्वीच पकडली होती:

देहींचा विटाळ देहींच जन्मला ।
सोवळा तो झाला कवण धर्म ॥

(तीच विशेषणाची बाजू स्त्रीलिंगात फिरवा. 'सोवळी बाई' म्हणजे केशवपन केलेली विधवा. पुरुष सोवळा 'होतो' आणि जेवण झालं की सोवळं सोडतो, बाईला मात्र तो शब्द जन्मभर चिकटायचा. एकाच शब्दात जात आणि बाई, दोघींना लावलेलं कुलूप.)

प्रतिसाद २

वरचं बरंचसं पटलं, पण 'वस्त्रसंहिता' इतकी निरागस वाटत नाही. कापडाचा नियमही जात ओळखायच्या कामी येतो. केरळात अनेक देवळांत पुरुषांना सदरा काढावा लागतो. जातिभेदाविरुद्ध लढलेल्या नारायण गुरूंच्या शिवगिरी मठाच्या प्रमुखांनी २०२४ च्या डिसेंबरअखेर ही चाल बंद करा असं जाहीरपणे म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की खांद्यावर जानवं आहे का ते दिसावं म्हणून ती आली. तिथे अंग झाकलं म्हणून अडवतात, इथे उघडं टाकलं म्हणून.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मान्य. पण मग त्याला सोवळ्याचाच नियम म्हणा ना! माझा मुद्दा जागेचा आहे. मंदिरप्रवेशाच्या कायद्यांनी दार उघडल्यावर 'सोवळे' हा शब्द मागे सरकत गाभाऱ्यात जाऊन बसला. 'सोवळ्याशिवाय गाभाऱ्यात प्रवेश नाही' ही पाटी अभिषेकाला बसणाऱ्यासाठी असते. काही ठिकाणी ते वस्त्र तिथेच मिळतं. नेसलं की काम झालं, म्हणजे अर्थ कापडापुरता आकसला. मंडपात, दर्शनाच्या रांगेत कोणी सोवळं मागत नव्हतं. त्या रांगेला नियम लावायचा तर जुना शब्द चालेना, म्हणून नवा आणला.

मूळ प्रश्नकर्ता

म्हणजे गाभाऱ्याला सोवळं आणि रांगेला संहिता. पटलं. पण फलकांवरची विशेषणं बघून एक शंका उरतेच: 'तोकडे' हे कापडाचं माप झालं, 'असभ्य' हे कशाचं?