'नाइट ऑफ द ईगल' कोणी पाहिलाय का?

प्रश्न: काल रात्री बघितला, १९६२ चा ब्रिटिश, ब्लॅक अँड व्हाइट, अजून डोक्यातून जात नाहीये. नवरा प्राध्यापक, जादूटोणा अजिबात मानत नाही, बायकोने घरभर लपवलेले तोडगे सापडतात, तो ते जाळायला लावतो आणि मग एकेक बिनसायलाच लागतं. ह्याच्याबद्दल कोणी बोलत कसं नाही? आणि तो हीरो कोण?

प्रतिसाद १: पीटर विनगार्ड! 'द इनोसंट्स' मधला पीटर क्विंट तोच, तिथे नुसत्या चेहऱ्याने अंगावर काटा आणतो. अमेरिकेत हाच सिनेमा 'बर्न, विच, बर्न' नावाने लागला, मला वाटतं त्यामुळेही घोळ होतो.

प्रतिसाद २: जॅनेट ब्लेअरला विसरू नका हो, मूळची हॉलिवूडची, हलकेफुलके रोल करणारी, पण इथे नवऱ्याच्या जिवासाठी कासावीस झालेली बायको काय उभी केलीये! मार्गारेट जॉन्स्टनपण जबरदस्त.

प्रतिसाद ३: शेवट सांगतोय, पाहिला नसेल तर वाचू नका. सुरुवातीला तो वर्गात फळ्यावर 'माझा विश्वास नाही' असं लिहितो ना, शेवटी घाबरून त्याच फळ्याला पाठ टेकतो आणि त्यातला 'नाही' पुसला जातो. एक शब्दही न बोलता माणूस मोडलेला दाखवलाय, त्या एका शॉटसाठी मी परत परत बघतो.