हॅमस्टरला फळं-भाज्या किती आणि कुठल्या द्यायच्या? (आंबा चालतो का??)

नाशिकची_आई:
नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी लेकीच्या हट्टापायी हॅमस्टर आणला, दुकानदार म्हणाला सूर्यफुलाच्या बिया टाका, बाकी घरात असेल ते द्या, सगळं खातो. आता आमच्याकडे सासरे रोज सकाळी फळं चिरायला बसतात आणि प्रत्येकातली एकेक फोड त्याला जाते, सफरचंद, डाळिंब, परवापासून हापूस पण. पठ्ठ्या लगेच गालात कोंबून घरात पळतो त्यामुळे बाबांना वाटतं केवढं आवडतंय. काल पिंजरा साफ केला तर कापसाखाली कोथिंबिरीचा काळा गोळा आणि आंब्याची फोड, मुंग्या लागलेल्या!! आणि कालपासून लेंड्या मऊ होतायत. नेटवर एक म्हणतो फळ अजिबात नको, दुसरा म्हणतो रोज द्या. नक्की काय करायचं? मुठीत मावतो, पाठीवर काळी रेघ आहे.

खारूताई:
काळी रेघ म्हणजे बहुतेक ड्वार्फ, म्हणजे छोट्या जातीचा, कॅम्पबेल नाहीतर विंटर व्हाइट. मोठे सोनेरी सीरियन असतात ते वेगळे. हे सांगायचं कारण म्हणजे ड्वार्फना, त्यातही कॅम्पबेलना, डायबिटीस पटकन होतो, त्यामुळे आंबा, केळं, द्राक्षं, मनुका बंदच करा. गाजरसुद्धा गोड असतं, तेही बेतानंच. अचानक बाटलीभर पाणी प्यायला लागला आणि पिंजरा सारखा ओला दिसला तर डॉक्टरला दाखवा.

आणि फोडीचं गणित बघा एकदा. ड्वार्फ ३० ते ५० ग्रॅमचा असतो. ४० ग्रॅमच्या जिवाला १० ग्रॅमची फोड म्हणजे ६० किलोच्या माणसानं एका बैठकीत १५ किलो आंबे खाल्ल्यासारखं. बाबांना हे सांगा, आमच्या घरी या हिशोबानंच काम झालं.

बोका_डाएटवर:
१५ किलो हापूस?? आमची ना नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आधी_लेंड्या_बघा:
बाकी सगळं नंतर. मऊ लेंड्या आहेत तर आजपासून ओलं काहीही देऊ नका, फक्त कोरडं खाणं आणि स्वच्छ पाणी. शेपटीखाली ओलं, चिकट दिसलं, पाठ वाकवून कोपऱ्यात बसला, खाणं सोडलं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू म्हणू नका, एवढ्याशा जिवाचं पाणी फार लवकर कमी होतं आणि दोन दिवसांत खेळ खलास होऊ शकतो. आपल्या जुलाबाच्या गोळ्या मनानं देऊ नका. जाण्याआधी फोन करून विचारा हॅमस्टर बघतात का, बरेच जण फक्त कुत्री-मांजरीच बघतात.
आणि तो कापूस काढा आधी, धागे पायात अडकतात आणि पोटात गेले तर वेगळाच ताप. साधा टिश्यू पेपर फाडून द्या.

तिसरा_हॅमस्टर:
हा माझा तिसरा म्हणून नाव असं. वरच्यांनी सांगितलंच आहे, पण खरी गोम वेळेत आहे. सकाळी तुमचे बाबा फळं चिरतात तेव्हा तो झोपायच्या तयारीत असतो, मग खाणार कशाला, गालात भरून बिळात साठवणार, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबणार. गाल फुगले म्हणजे आवडलं असं नाही हो, ती नुसती साठेबाजी. मी रात्री नऊ-साडेनऊला देते आणि तासा-दोन तासांनी बिळात बोट घालून उरलंसुरलं काढते, रागावतो पण इलाज नाही.

माझ्याकडे चालतं ते: काकडी, ब्रोकोली, भोपळी मिरची, दुधी, कोथिंबिरीची दोन पानं, थोडी मेथी. तुकडा आपल्या करंगळीच्या नखाएवढा, आठवड्यातून तीनेकदा. नवीन भाजी एका वेळी एकच आणि मग तीन-चार दिवस थांबायचं, नाहीतर पोट बिघडलं तर कशानं ते कळत नाही. धुवून, पुसून, फ्रीजमधलं गारढोण नाही. कोबी-फ्लॉवर मी देत नाही, पोट फुगतं म्हणून. कांदा, लसूण, कच्चा बटाटा, संत्रं-मोसंबी-लिंबू, अव्होकाडो, कच्चा राजमा, टोमॅटोची पानं हे कधीच नाही. सफरचंद मोठ्या हॅमस्टरला चालतं पण बी काढून.
पोट भरतं ते कोरड्या मिश्रणावर, ताजं म्हणजे पानातली चटणी समजा. आणि नुसत्या सूर्यफुलाच्या बिया नको, फार तेलकट. तो दुकानदार मला भेटला पाहिजे एकदा.

नाशिकची_आई:
सगळ्यांचे खूप आभार! तीन दिवस ओलं बंद ठेवलं, लेंड्या परत कडक झाल्या, पळतोय छान. किचनच्या वजनकाट्यावर ठेवला तर ४२ ग्रॅम. १५ किलोचं गणित ऐकून बाबा आधी हसले मग गप्पच झाले, आता रोज रात्री वजन तेच करतात आणि वहीत लिहितात. काल काकडीचा तुकडा नखाशी मापून दिला. त्यांचा एक प्रश्न आहे, एकादशीला उकडलेलं रताळं चालेल का?

तिसरा_हॅमस्टर:
मीठ-साखर-तूप काही न लावता, मटारच्या दाण्याएवढं, तेही कधीतरीच, ड्वार्फ आहे ना.

बोका_डाएटवर:
पण उपवास नक्की कोणाचा आहे?